मोझेलचा सनसेट पॉइंट

आधी माफी मागतो. इथल्या, म्हणजे नेदरलँड्सच्या, मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या ताईंनी माझ्याकडे प्रवासवर्णन मागितलं आणि मी, का कोण जाणे, हो म्हणून बसलो. खरं तर हा आगाऊपणाच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. घरात पुस्तकं म्हणजे माझी शाळेची, तीही वर्ष संपलं की शेजारच्या घरी जायची. आजवर मी जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात, नाहीतर प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये. त्यात दुसरी अडचण अशी की ज्या प्रवासाबद्दल मी लिहिणार आहे तो माझ्याकडे नाही. माझ्याकडे आहे ती त्याची ठरवाठरवी. जर्मनीच्या खेड्यापाड्यांतून दोन दिवसांची साधी चक्कर. इथले लोक अशी चक्कर शनिवार-रविवारी मारून येतात आणि सोमवारी विसरतात. मी मात्र सगळा हिवाळा मनातल्या मनात ती करत होतो. हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तेच लिही." म्हणून लिहितो आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, महाबळेश्वरला पर्यटकांना पॉइंट दाखवायची टॅक्सी चालवतात. आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. सकाळी गाडी धुऊन ते वर जातात, स्टँडवर नंबर लावतात, आणि गिऱ्हाईक मिळालं की ठरलेला फेरा सुरू होतो. एकामागून एक पॉइंट, मध्ये स्ट्रॉबेरीचा स्टॉल, सगळ्यात शेवटी सनसेट पॉइंट. प्रत्येक ठिकाणी गाडी पार्किंगला लागते, माणसं उतरून कठड्याकडे चालत जातात, आणि अण्णा गाडीपाशी थांबतात. लोकांच्या पर्स, स्वेटर, बाळाच्या दुधाच्या बाटल्या, सगळं गाडीत असतं. काच बोटभर उघडी दिसली तरी माकडं आत शिरतात. "गिऱ्हाइकाचं सामान आत हाय तवर ड्रायव्हरनं गाडी सोडायची न्हाई," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. तिथले सगळेच ड्रायव्हर हा नियम पाळतात असं नाही. काही जण पत्ते खेळायला झाडाखाली जातात. अण्णा बॉनेटपासून हलत नाहीत, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडीत एखादी जागा रिकामी असली तर ते मला बरोबर न्यायचे. मी मागे, बॅगांच्या मध्ये बसायचो. पॉइंट आला की मीही लोकांच्या मागे पळत जायचो, कठड्याला पोट टेकवून खाली बघायचो आणि पळत परत यायचो. अण्णा चहाचा कप बॉनेटवर ठेवून विचारायचे, "काय दिसलं?"

मी सांगायचो. धरणाचं पाणी दिसलं. एक घार उडत होती, आपल्या खाली.

"आपल्या खाली?"

"हो. तिची पाठ दिसली."

"मंग लय भारी," ते म्हणायचे आणि उरलेला चहा मला द्यायचे.

एकदा मी म्हणालो, "तुम्ही पण चला की अण्णा."

"बघितलंय की बारकं असताना," ते हसून म्हणाले. "दरी काय पळून चाललीय?"

शिकायला मी मास्ट्रिख्टला आलो. या देशात डोंगर नाहीत हे निघण्यापूर्वी माहीत होतं, पण विमानातून उतरल्यावर ते पायांना कळलं. सायकल चालवताना कुठेच उठून उभं राहावं लागत नाही. फक्त दक्षिणेच्या टोकाला, आमच्या शहराच्या आसपास, जमीन जरा उचलल्यासारखी वाटते. तिथेच फाल्स गावाजवळ या देशातली सगळ्यात उंच म्हणतात ती टेकडी आहे, आणि टेकडीवर एका दगडापाशी नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी या तिघांच्या हद्दी मिळतात. पहिल्या सेमिस्टरमध्ये एका रविवारी मी बसने तिथे गेलो आणि अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ते स्टँडवर होते. आजूबाजूचे ड्रायव्हर फोनमध्ये डोकावत होते.

"ही इथली सगळ्यात उंच जागा," मी कॅमेरा फिरवत म्हणालो.

"ही?" अण्णा म्हणाले. "आरं, आमच्या पार्किंगचा चढ हिच्याहून मोठा हाय."

मागून हसण्याचा आवाज आला.

"आणि ती झाडं दिसतात ना, ती जर्मनीत आहेत."

"झाडांच्या पलीकडं जर्मनी?"

"नाही, झाडंच जर्मनीत आहेत."

"मंग नाका कुठं हाय?"

"नाका नाही. गाडी सरळ जाते."

"परमिट कोण बघतं?"

"कोणी नाही."

आयुष्यभर ज्यांनी नाक्यावर पावती फाडून पुढचा गिअर टाकला, त्यांना हे पटणं अवघडच होतं. मी दगडाच्या पलीकडे पाय टाकून दाखवला. "आता मी जर्मनीत."

"परत दाखव."

मी परत पाय टाकला. आणि मग ते म्हणाले, "बघायला पायजे एकदा."

अण्णांना स्वतःसाठी काही पाहिजे असल्याचं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. गाडीला टायर पाहिजेत, घरावर पत्रे पाहिजेत, पोराला कॉलेज पाहिजे, असं ते म्हणत. हे वाक्य त्या रांगेत बसणारं नव्हतं. बसने परत येताना मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतो, आणि घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. जूनमध्ये पावसाळी हवा सुरू झाली की महाबळेश्वरला गिऱ्हाईक कमी होतं. तेव्हा अण्णांना आणि आईला इथे बोलवायचं, आणि गाडीने जर्मनी दाखवायची.

मोठी शहरं नकोत हेही तेव्हाच ठरलं. अण्णांना इमारतींचं काही नाही. त्यांना रस्ता लागतो, वळणं लागतात. हिवाळ्यात इथे दुपारीच अंधारून येतं. अशा वेळी मी खोलीत नकाशा उघडून बसायचो. हद्दीपलीकडच्या आखेन शहरावरून दक्षिणेला गेलं की आयफेलचा डोंगराळ भाग सुरू होतो. मोन्शाऊ नावाचं जुनं गाव लागतं, पुढे जंगलातली तळी, मग रस्ता उतरत उतरत मोझेल नदीपाशी जातो. तिथे ब्रेम नावाच्या खेड्याजवळ नदी घोड्याच्या नालेसारखी वळते आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. वरून ते वळण बघायला एक जागा आहे. एका फोटोत तिथे नुसतं एक लाकडी बाकडं दिसत होतं, रिकामं. त्या बाकड्यावर मी अण्णांना इतक्यांदा बसवलं की ते मला तिथे बसलेले आठवू लागले. झालेल्या गोष्टी आठवतात तसे, शर्टाच्या खिशातल्या चष्म्यासकट.

माझ्याकडे गाडी नव्हती. आइंडहोवनजवळच्या फेल्डहोवनला एक दादा राहतात, मूळचे पुण्याचे, चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत. गणपतीत ओळख झाली तेव्हापासून ते आणि वहिनी मला महिन्यातून एकदा जेवायला बोलावतात. मी घाबरत विषय काढला तर दादा म्हणाले, "गाडी माझी, ड्रायव्हर मी. तू फक्त कुठे जायचं ते ठरव." मग मार्चमधल्या एका रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बैठक बसली. फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता. त्यात अण्णा होते आणि मागे आई. तिकडे रात्रीची जेवणं आटोपली होती. दादांची आठ वर्षांची मुलगी चित्र काढत बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती इंग्रजीत नाहीतर डचमध्ये देते.

मी माझा बेत वाचून दाखवला. पहिला पॉइंट, दुसरा पॉइंट, तिसरा, चहा, चौथा पॉइंट. दादा हसायला लागले. "अरे, ही ट्रिप आहे की महाबळेश्वर दर्शन? माणसांना श्वास घेऊ देशील की नाही?"

"बरोबर सांगतोय माझा पोरगा," फोनमधून अण्णा म्हणाले. "फेरा पुरा झाला पायजे. आन् सनसेट शेवटी. साडेसहाला सनसेट म्हणलं की सहाला तिथं पायजे, न्हाईतर कठड्याला जागा घावत न्हाई."

मी तसंच धरलं होतं. सहाला मोझेलच्या वळणावर, सूर्यास्त बघून आठपर्यंत मुक्कामी. दादांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "सहाला काय बघणार आहात? जूनच्या शेवटी सहाला ऊन डोक्यावर असतं इथे. सूर्य मावळतो दहाच्या सुमाराला."

मी या देशात सप्टेंबरात आलो होतो. इथला उन्हाळा अजून पाहिलेला नव्हता. पुस्तकात वाचलेलं सगळं माहीत होतं, तरी सनसेट म्हटल्यावर माझ्या हाताने आपोआप अण्णांची वेळ लिहिली होती.

"धाला?" अण्णांचा विश्वास बसेना. "रातीच्या धाला? मंग ड्रायव्हर जेवतो कवा?"

"अण्णा, ड्रायव्हर मीच आहे," दादा म्हणाले. "ही देईल तेव्हा जेवतो."

"आणि मग भांडी घासतो," वहिनी म्हणाल्या.

आई मागून मोठ्याने हसली. मग तिने तिचा प्रश्न विचारला. साडीवर बूट घातले तर तिकडची माणसं हसतील का? वहिनी म्हणाल्या, इथे कोणी कोणाच्या पायांकडे बघत नाही, आणि बूट घातल्याशिवाय तुम्हाला वर चढता येणार नाही. तेव्हा दादांनी त्या जागेचं समजावून सांगितलं. गाडी खाली गावात लावायची. तिथून मळ्यांमधून पायवाट आहे. हळूहळू चढत जायचं, बाकड्यावर डबा उघडायचा, चहाचा थर्मास नेऊ, नदी बघत बसायचं.

अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "आन् गाडीपाशी कोण थांबणार?"



"कोणी नाही अण्णा," दादा म्हणाले. "कुलूप लावायचं आणि जायचं."

"सामान?"

"राहील आत."

"माकडं?"

"माकडं नाहीत इथे."

मुलीने चित्रातून डोकं वर काढलं. "व्हाय? इज द कार स्केअर्ड?"

वहिनींनी तिला दटावलं, पण अण्णांनी विचारलं, काय म्हणते ती? वहिनींनी सांगितलं, विचारतेय की गाडीला भीती वाटते का. अण्णांनी प्रश्न मनावर घेतला. "न्हाई बाळा," ते म्हणाले. "तिला एकटं ऱ्हायची सवय न्हाई, एवढंच." आणि मग माझ्याकडे वळून, म्हणजे कॅमेऱ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "मी थांबतो की खाली. तुमी समदी जाऊन या. तू सांग मला काय दिसलं त्ये."

मला एकदम कळलं की माझा सगळा बेत अपुरा आहे. मी त्यांना सात समुद्रांपलीकडच्या नदीपर्यंत आणीन आणि ते तिथेही पार्किंगमध्ये थांबतील. मोझेलच्या काठी, अनोळखी गावात, दाराला टेकून.

"अण्णा," मी म्हणालो, "या वेळी मी सांगणार नाही."

ते नुसते हसले. हो म्हणाले नाहीत.

"मी तर जाणार हाय वर," आई म्हणाली. "बूट घालून. ह्यांना ऱ्हाऊ द्या खाली."

संध्याकाळी दादा मला आइंडहोवन स्टेशनवर सोडायला निघाले. मी पुढे बसलो आणि दार लावल्यावर लक्षात आलं. इकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. ड्रायव्हरच्या शेजारचा माणूस उजवीकडे बसतो. म्हणजे अण्णा आयुष्यभर ज्या जागेवर बसले बरोबर त्याच जागेवर इथे ते बसतील. तीच काच, त्याच बाजूचा आरसा, पण हातात काही नाही. मी गुपचूप माझे हात मांडीवर ठेवले आणि ते कसं वाटेल याचा अंदाज घेतला. पहिल्या सिग्नलला माझा पाय आपोआप ब्रेक शोधू लागला. मला गाडी फारशी येतही नाही. दादांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, काही नाही.

पुढचं सगळं व्हिसाच्या कागदांचं काम. मी विद्यार्थी, माझी हमी चालत नाही. म्हणून दादा स्वतः खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत जाऊन हमीपत्रावर सही करून आले. अण्णा आणि आई मुंबईला जाऊन बोटांचे ठसे आणि पासपोर्ट देऊन आले. तिथे काय विचारलं, असं मी विचारलं तर आई म्हणाली, "परत येणार ना, आसं इचारलं. ह्ये म्हणाले, गाडी हितं हाय माझी, जाणार कुठं?" मला ते उत्तर फार आवडलं. साहेबांनाही आवडलं असावं असं मी धरून चाललो.

मग वाट बघणं. आईने बूट घेतले आणि ती ते घालून रोज संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन येऊ लागली. पहिले काही दिवस बायका हसल्या, मग एकीने कुठून घेतले म्हणून विचारलं. स्टँडवर अण्णांचं नाव जर्मनी पडलं. मी फोन केला की मागून हाका ऐकू यायच्या: "ए जर्मनी, तुझा नंबर आला!" "जर्मनी, तिकडनं येताना एक मर्सिडीज घेऊन ये, पॉइंटाला लावू." अण्णा त्यांना शिव्या घालत, पण आवाजात राग नसे. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "त्या वळणापाशी कठडा हाय का रं?" मी म्हणालो, फोटोत दिसत नाही. "मंग आईला कडंला जाऊ दिऊ नको," ते म्हणाले. मी म्हणालो, तुम्ही असालच ना तिथे. त्यावर ते टायरबद्दल बोलायला लागले.

मे सरला. दिवस दादा म्हणाले होते तसे लांबत गेले. रात्री जेवून मास नदीच्या पुलावर जावं तर अजून उजेड असायचा. पोरंपोरी कठड्यावर पाय सोडून बसलेली असायची. मी पश्चिमेकडे बघत उभा राहायचो. त्या वेळी तिकडे आमच्या घरी मध्यरात्र झालेली असायची, अण्णा झोपलेले असायचे, आणि मला वाटायचं की एवढा मोठा सूर्यास्त नुसता वाया चालला आहे. घरी फोन केला की मी पहिल्यांदा पासपोर्टचं विचारायचो. आई म्हणायची, "न्हाई आला आजून." पुढे पुढे मी विचारायच्या आधीच ती तसं म्हणू लागली.

जूनच्या मध्यावर एका सकाळी मी लायब्ररीबाहेर सायकल लावत होतो आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल, अण्णांच्या फोनवरून. अण्णा स्वतःहून व्हिडिओ कॉल लावत नाहीत, त्यांना तो जमतच नाही. उचलला तर पडदा पांढरा होता. नुसता पांढरा.

"अण्णा, काही दिसत नाही," मी म्हणालो.

"मलाबी न्हाई," त्यांचा आवाज आला. "धुकं हाय."

फोन हलला. एक लोखंडी नळी दिसली, ओली, रंग उडालेली, आणि तिच्यावर त्यांचा हात. ती मी ओळखली. लहानपणी त्याच नळीला पोट टेकवून मी खाली बघायचो.

"कुठे आहात तुम्ही?"

"सनसेट पॉइंटाला."

"गिऱ्हाईक आहे?"

"ह्या हवेत कोण येतंय? आई हाय की संगं. बूट घालून आलीया." कॅमेरा फिरला आणि आई दिसली, डोक्यावर पदर, पायात पांढरे बूट. तिने माझ्याकडे बघून हात हलवला.

"मग गाडीपाशी कोण आहे?"

"कोण न्हाई," अण्णा म्हणाले. "कुलूप लावलं आन् आलो."

मी सायकलचं हँडल धरून उभा होतो. येणारी-जाणारी मुलं माझ्या बाजूने वळून जात होती. मला बरंच काही विचारायचं होतं, आणि एकच प्रश्न सुचला.

"काय दिसलं?"

"काय न्हाई," ते म्हणाले. मग थांबून, ऐकल्यासारखं करून, "पर खालनं पाण्याचा आवाज येतोय. त्यो पार्किंगात येत न्हाई." जरा वेळ त्यांनी फोन दरीच्या बाजूला धरला. मला फक्त वारा ऐकू आला, पण मी ऐकत राहिलो.

"तिकडं ऊन हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो. चांगलं पडलंय."

"बरं हाय," अण्णा म्हणाले. पडद्यावर परत नुसता पांढरा रंग होता. "पासपोर्ट आलं काल. दोघांचंबी. न्हाई म्हणालेत."